टकरच्या पुढे

रॉइस हॅडलीला नेम धरायला शिकवायची गरज नव्हती. टेक्सासमधल्या बापाने शाळेत घालायच्या आधीच हातात बंदूक दिली होती असं तो सांगायचा, आणि दर हिवाळ्यात त्याच्या फ्रीझरमधलं हरणाचं मांस बघितलं की ते खोटं वाटायचं नाही. त्यामुळे एका शनिवारी तो माझ्या रिंगणावर आला तेव्हा त्याला वाटत होतं की अर्धं काम झालेलंच आहे.

"घोडा बायकोचा आहे, पण अगदी शांत," फाटकावर कोपरं टेकून तो म्हणाला. "आणि बंदुकीचा आवाज त्याला नवीन नाही, मिस आर्डिस. आमच्या मागच्या टेकडीवर सुट्टीच्या दिवशी निम्मं गाव डबे फोडायला येतं. तो मान वर करून बघतसुद्धा नाही."

"टेकडीवरचा आवाज टेकडीवर असतो," मी म्हणाले. "इथे तो त्याच्या पाठीवरून निघणार."

आमचा खेळ सांगायला सोपा आहे. कमरेला जुन्या पद्धतीची दोन रिव्हॉल्व्हरं, प्रत्येकात पाच बार, रिंगणात काठ्यांना लावलेले दहा फुगे. काडतुसात गोळी नसते, नुसती काळी दारू असते, आणि तिच्या जळत्या कणांनी फुगा फुटतो. भरधाव घोड्यावरून सगळे फोडायचे. चुकलेल्या प्रत्येक फुग्यामागे वेळेत पाच सेकंद वाढतात. नवा माणूस आला की बंदुकीकडे बघतो. मला या खोऱ्यात लोकांना हे शिकवताना इतकी वर्षं झाली की मी घोड्याच्या कानांखेरीज कशाकडेच बघत नाही.

रॉइसला मी नेहमीचंच सांगितलं. सुरुवातीचे काही आठवडे घोड्यावर बसायचंच नाही. तो खात असताना लांबवर कुणीतरी दोन फळ्या एकमेकींवर आपटायच्या. त्याने खाणं थांबवलं तर आणखी लांब जायचं. मग मुलांचं टिकल्यांचं पिस्तूल, मग अर्ध्या दारूचं काडतूस, मग पूर्ण. घोड्याच्या कानात स्पंजचे बोळे. आणि बार नेहमी बाजूला काढायचा, कानांच्या मागून. डोक्यावरून कधीच नाही.

"किती दिवस लागतात?"

"ते घोडा सांगेल."

"अंदाजे?"

"अंदाज करत बसलास तर जास्त लागतील."

तो हसला. मी काहीतरी गमतीचं बोलले असं त्याला वाटलं असावं. हसणं हा त्याचा स्वभावच होता. प्रोपेन गॅसचा टँकर घेऊन तो लांबलांबच्या घरांच्या टाक्या भरत हिंडायचा आणि जाईल तिथे त्याला कॉफी मिळायची. माणसांशी त्याचं पटकन जमायचं. घोड्याशीही तसंच जमेल अशी त्याची समजूत होती.

टकर हा ट्वायलाचा, त्याच्या बायकोचा, घोडा. तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरी रेघ असलेला. त्याची आई त्याला जन्म देऊन थोड्याच दिवसांत पोटशुळाने गेली. ट्वायलाने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवला. पिस्त्यांच्या कारखान्यात ती पाळीवर जायची, तेव्हा मधल्या सुट्टीत पंधरा मैल गाडी हाणत घरी येऊन बाटली देऊन परत जायची. हे मला तिने नाही, तिच्या मुकादमाने सांगितलं, तेही तक्रार म्हणून.

त्या शनिवारनंतरच्या आठवड्यात, दुपारी, ट्वायलाचा फोन आला.

"आर्डिस, तुझ्याकडे तार कापायची मोठी पक्कड आहे ना? घेऊन ये. टकर कुंपणात अडकलाय."

आवाज इतका सपाट होता की मी दुसरा प्रश्न न विचारता निघाले.

काय झालं होतं ते तिथे पोचताच कळलं. टकर मागच्या कुंपणात छातीपर्यंत घुसला होता, काटेरी तार पुढच्या पायाला गुंडाळली होती, आणि तो उभ्या जागी थरथरत होता. ट्वायला त्याच्या मानेला बिलगून हळूहळू काहीतरी बोलत होती. तिच्या बाहीवर त्याचं रक्त होतं. बरंच मागे, टकरने पाठीवरून फेकलं होतं तिथेच मातीत, रॉइस एक हात दुसऱ्या हाताने धरून बसला होता. शेजारी रिव्हॉल्व्हर पडलं होतं.

"एकच बार काढला," तो मला म्हणाला. "एकच, मिस आर्डिस. फळ्यांना तो काही करत नव्हता. दोन दिवस आपटल्या. मला वाटलं..."

"पूर्ण दारूचं?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"बोळे घातले होते कानात?"

तो पडलेल्या रिव्हॉल्व्हरकडे बघत राहिला. मी तारा कापायला लागले. ट्वायलाने तेवढ्या वेळात एकदाही नवऱ्याकडे वळून बघितलं नाही. जनावरांची डॉक्टर आली, टकरच्या छातीला आणि पायाला टाके घातले, आणि मग जाता जाता तिनेच रॉइसकडे बघून म्हटलं, "याला कुणीतरी माणसांच्या डॉक्टरकडे न्या." त्याचं खांद्याजवळचं, हासळीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात मीच घेऊन गेले. ट्वायला घोड्यापाशी थांबली.

टाके भरून आले. बाकीचं भरून येईना. गाडीचं दार आपटलं तरी टकर रिंगणाच्या लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा. शेजारच्या लॉनीने गवताच्या गोदामाचं छप्पर दुरुस्त करायला घेतलं. त्याच्या खिळे मारायच्या यंत्राचा टक् आवाज झाला की टकरच्या अंगावर घाम फुटायचा. आणि आमच्या भागात आवाज नाही असा दिवस नसतो. सप्टेंबरात पारव्यांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की पहाटेपासून बार ऐकू येतात. ट्वायलाला त्याला रस्त्यावर काढणं अशक्य झालं. सगळ्यांत वाईट म्हणजे रॉइस दिसला की तो नुसता लांब जात नसे. तो कान मागे पाडून, डोळ्याचं पांढरं दाखवत उभा राही, आणि रॉइस घरात जाईपर्यंत चाऱ्याला तोंड लावत नसे.

गळ्यात बांधलेल्या झोळीत हात अडकवलेल्या रॉइसने एकदा माझ्यादेखत विषय काढला.

"बिघडलाय तो, ट्वायला. आता तो कुणाच्या कामाचा नाही. लिलावाला पाठवू, तुला दुसरा बघू. चांगला बघू."

ट्वायला बटाटे सोलत होती. "बिघडला नाही," ती म्हणाली. "बिघडवला."

एवढंच बोलली. बटाटे सोलून झाले, उकडले, आम्ही तिघांनी ते खाल्ले, आणि कुणी त्यावर पुन्हा बोललं नाही. मी घरी आले तेव्हा मला वाटलं, हे असंच किती दिवस चाललंय या घरात कुणास ठाऊक.

ऑक्टोबरमध्ये ती एकटी माझ्याकडे आली. पायरीवर बसली.

"मला शिकव," ती म्हणाली. "शर्यतबिर्यत नको मला. त्याने नुसतं शांतपणे खावं, एवढंच हवंय. आवाज तर थांबणार नाहीत. मग त्यानेच त्यांना घाबरणं थांबवायला हवं."

"जमेल. वेळ लागेल."

"मी विचारलं का किती?"

मग आम्ही तिच्याच घरी सुरू केलं. टकर तिच्या हातून खात असायचा आणि मी लांबच्या रस्त्यावर उभी राहून फळ्या आपटायची. इतक्या लांब की मलाच त्या नीट ऐकू यायच्या नाहीत. त्याचा कान माझ्याकडे वळायचा, परत ट्वायलाकडे जायचा. कान परत फिरला की मी थांबायची. काही दिवस मी पाच पावलं पुढे आले, काही दिवस वीस पावलं मागे गेले. डिसेंबरात उत्तरेकडून क्रौंच पक्षी आले. दरवर्षी येतात, हजारोंनी, आणि सकाळी तळ्यावरून उठले की आकाशभर कलकलाट असतो. तोपर्यंत टकर टिकल्यांचं पिस्तूल ऐकून मान खालीच ठेवायला लागला होता.

पण एका ठिकाणी गाडी अडली. आवाज उभ्या माणसाकडून आला तर त्याला चालायचं. आवाज त्याच्याकडे यायला लागला की तो पळायचा. यावर माझ्या माहितीत एकच चांगला उपाय आहे. आवाज करणारा माणूस घोड्याच्या पुढे, त्याच्याकडे पाठ करून चालत राहतो, आणि घोड्याला त्याच्या मागे सोडायचं. थोड्या दिवसांनी घोड्याला वाटायला लागतं की हा आवाज आपल्यालाच भिऊन पळतोय. मग तो त्याचा पाठलाग करायला लागतो. एकदा पाठलाग करायला लागला की भीती पुष्कळशी गेली.

माझा गुडघा आता पळापळीचा राहिलेला नाही. लॉनीला वेळ नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला लॉनी नकोही होता.

"रॉइसच हवा," मी ट्वायलाला म्हटलं.

ती बराच वेळ टकरच्या आयाळीतले काटे काढत राहिली. "तो नाही यायचा," ती म्हणाली. "आणि आला तर मला बघवेल की नाही, माहीत नाही."

विचारायला मीच गेले. तो टँकरखाली आडवा होता. मी त्याच्या बुटांशी बोलले.

"मी त्या घोड्यापुढे पळायचं?" गाडीखालून आवाज आला.

"आधी चालायचं. पळायचं नंतर, त्याने पळवलं तर."

"लोक बघतील ना, मिस आर्डिस."

"बघतील की. रस्त्यालगत आहे रिंगण."

"आणि मागून अंगावर आला तर?"

"तर बाजूला हो."

तो बाहेर आला, हात पुसत बसला. आधीसारखा हसला नाही. "तिने सांगितलं का मला विचारायला?"

"नाही. तिला वाटतं तू येणार नाहीस."

दुसऱ्या दिवशी कामावरून परतल्यावर तो रिंगणाशी आला. टकर लांबच्या कोपऱ्यात गेला आणि त्याचं अंग ताठ झालं. ट्वायलाच्या हातात लांब दोर होता. मी रॉइसला आत घेतलं आणि सांगितलं, "त्याच्याकडे बघायचं नाही. बोलायचं नाही. पुचकारायचं तर अजिबात नाही. पाठ कर आणि चालायला लाग."

त्या दिवशी तो नुसताच गोल गोल चालला. हातात काही नव्हतं. घोडा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ट्वायला पुढे सरकली तेव्हा टकर तिच्याबरोबर दोन पावलं आला आणि थांबला. मी रॉइसला हात केला, तो थांबला. "आज एवढंच," मी म्हणाले. तो म्हणाला, "एवढंच? मी आत्ताच तर आलोय." ट्वायलाने त्याच्याकडे बघितलं. त्याने टोपी नीट केली आणि निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

कुंपणाशी लॉनी उभा राहायला लागला. मग त्याच्याबरोबर आणखी एखाददुसरा. बरोबर बियरचे डबे.

"काय रे रॉइस, घोडा शिकतोय की तू?"

"दोघंही," रॉइस चालता चालता म्हणायचा.

"तुला कोण हाकलतंय, घोडा की बायको?"

"रांगेत दोघंही आहेत. मागे वळून बघायची परवानगी नाही, नाहीतर सांगितलं असतं."

ट्वायला हसली. मला ते लक्षात राहिलं आहे, कारण त्या सबंध वर्षात नवऱ्याच्या बोलण्यावर तिला हसताना मी बघितलं नव्हतं. तिने लगेच तोंड फिरवलं, पण दोराला हिसका बसला होता आणि टकरने चकित होऊन तिच्याकडे बघितलं.

हळूहळू रॉइसच्या हातात दोन काठ्या आल्या. मग टिकल्यांचं पिस्तूल. टकर मागे यायला लागला, आधी दोर ताणून, मग दोर ढिला ठेवून. एका संध्याकाळी रॉइसने टिकली उडवली आणि तो भराभर चालायला लागला. टकरने मान खाली घातली, कान पुढे केले आणि दुडक्या चालीने त्याच्या मागे निघाला. रॉइस पळायला लागला. बूट जड, पोट पुढे, हातात लहान मुलाचं पिस्तूल, आणि मागे तांबूस घोडा. कुंपणाशी लॉनीने बियरचा डबा खाली ठेवला. ट्वायला दोर धरून पळत होती. दमून तिघं थांबले तेव्हा टकर रॉइसच्या पाठीपासून हातभर अंतरावर होता. त्याने मान लांब करून शर्टाचा वास घेतला. रॉइस वळला नाही. मी त्याच्या समोर होते म्हणून मला त्याचा चेहरा दिसला, पण त्याबद्दल मी कुणाला काही बोलले नाही.

त्या आठवड्यात ट्वायलाने मला सांगितलं, "काल त्याने विचारलं, मी घाई केली ना? मी म्हटलं, हो."

"मग?"

"मग काय. म्हणाला, हं. आणि भांडी घासायला उठला."

वसंतात ट्वायला टकरवर बसून रॉइसच्या मागे जायला लागली. आधी बार फक्त रॉइस काढायचा, पुढून, पळता पळता. मग एक दिवस तिने काढला, अर्ध्या दारूचा, बाजूला, आणि टकरने फक्त शेपटी उडवली. मे महिन्यात मी तिला म्हटलं, आमच्या क्लबची छोटी स्पर्धा आहे, नुसती येऊन बघ. ती म्हणाली, बघायला येईन. आली ती कमरपट्टा बांधूनच.

तिची पाळी आली तेव्हा ती भरधाव गेली नाही. इतर सगळे धुरळा उडवत गेले, ट्वायला दुडक्या चालीने गेली, जणू टपाल आणायला निघाली आहे. दहापैकी चार फुगे फुटले. दोनदा तिला बार काढण्याआधी रिव्हॉल्व्हरचा मागचा खटका ओढायचंच सुचलं नाही. वेळ इतका लागला की वेळ मोजणाऱ्याने घड्याळाकडे दोनदा बघितलं. ती शेवटून पहिली आली. पण लगाम सबंध वेळ ढिला होता, आणि शेवटच्या फुग्यानंतर टकर स्वतःहून थांबला आणि मातीचा वास घेत उभा राहिला. रॉइस फुगे लावणाऱ्यांत होता. हातात फुटक्या रबराच्या चिंध्या घेऊन तो कुंपणाशी उभा होता.

"कसा वाटला?" ट्वायलाने त्याला विचारलं.

"तुझा दुसरा फुगा फुटायला हवा होता," तो म्हणाला. मग म्हणाला, "घोडा छान होता."

त्यानंतर बरेच आठवडे गेले. एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे माझं जुनं खोगीर द्यायला गेले होते. ट्वायला टकरला फिरवून आणत होती. रॉइस फाटक उघडायला आला. टकरला आता त्याची सवय झाली होती. त्याच्या हातचं गाजर खायचा, त्याने खरारा केला तर डोळे मिटायचा. ट्वायला खाली उतरली, लगाम हातात घेऊन क्षणभर उभी राहिली, आणि मग तो तिने रॉइसपुढे धरला.

"बस," ती म्हणाली.

"मी?"

"रिंगणातल्या रिंगणात. चालव नुसता."

रॉइसने माझ्याकडे बघितलं. मी टकरकडे बघत राहिले. हे माझं काम नव्हतं. त्याने कमरपट्टा काढून खांबाला अडकवला. त्यात रिव्हॉल्व्हर नव्हतं, नुसता पट्टा होता, तरी काढला. रिकीब लांब केली, पाय घातला आणि हळूच, जितका हळू तो जड माणूस चढू शकतो तितका हळू, वर बसला.

टकर हलला नाही. पळाला नाही, उधळला नाही. पण मी त्याचे कान बघत होते, आणि ते मागे गेले होते आणि तिथेच राहिले होते. मानेची शीर ताठ झाली होती. खोगिराच्या पुढे, खांद्यावरची कातडी बारीक थरथरत होती, माशी बसल्यावर थरथरते तशी, पण थांबत नव्हती. तो उभा होता, कारण ट्वायलाने त्याला उभं राहायला शिकवलं होतं. तेवढंच.

टाच लावली असती तर तो चालला असता. मला खात्री आहे. चार फेऱ्या चालला असता, आणि कदाचित पाचव्या फेरीत अंग सोडलंही असतं. गेल्या वर्षीच्या रॉइसने ते केलं असतं आणि आम्हाला सांगितलं असतं की बघा, काही होत नाही त्याला.

रॉइसने तळहात टकरच्या मानेवर ठेवला. काही वेळ तसाच ठेवला. कातडीची थरथर त्याच्या हाताला जाणवत असणार. मग तो उतरला. लगाम ट्वायलाच्या हातात दिला.

"नको," तो म्हणाला. "त्याला माझं वजन आवडत नाही."

"सवय होईल," ट्वायला म्हणाली.

"होईल. पण त्याने का करून घ्यावी?"

त्याने रिकीब पुन्हा बायकोच्या मापाची केली, भोकं मोजून. टकर मान खाली घालून त्याच्या खिशाशी नाक घासत होता, गाजर आहे का बघायला. ट्वायला उभी राहून दोघांकडे बघत होती. मग तिने रॉइसच्या पाठीवरची धूळ झटकली, हलकेच, दोनदा, आणि तिचा हात तिथेच राहिला.

"उतरलास ते बरं केलंस," ती म्हणाली.

मला वाटलं आता मी जावं. खोगीर कठड्यावर ठेवलं आणि निघाले. गाडीपर्यंत पोचले तेव्हा रॉइसने हाक मारली.

"मिस आर्डिस, थांबा की. राजमा घालून मांस शिजतंय आत. तिखट आहे, पण तुम्हाला चालतं."

"कुणी केलंय?"

"मीच केलंय," तो म्हणाला. "सकाळपासून मंद आचेवर ठेवलंय. झाकण काढून एकदाही बघितलं नाही."

मी परत फिरले आणि हात धुवायला आत गेले.